पावतीवर १३ लाख ८०, खात्यात १३ लाख ४०: मुदत भरलेल्या ठेवी आणि इन्कम टॅक्स

विश्रामबागकर | १४ जून २०२५, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. सांगलीचा आहे, हिशेबात कच्चा आहे, म्हणून इथे विचारतोय.

वडील एसटीत चालक होते. मे २०२० ला निवृत्त झाले. ऐन लॉकडाऊन, त्यामुळे निरोप समारंभ राहिला तो राहिलाच. मिळालेल्या पैशांतले १० लाख त्यांनी इथल्या एका सहकारी बँकेत ५ वर्षांच्या मुदतठेवीत ठेवले. मधे व्याज काढायचं नाही, शेवटी सगळं एकदम, असल्या प्रकारची ठेव. दर साडेसहा टक्के. पावतीवर ठसठशीत छापलंय: मुदतीअंती देय रक्कम रु. १३,८०,४२०. पाच वर्षं ती पावती कपाटात, रेशनकार्डाच्या पिशवीत.

गेल्या महिन्यात मुदत भरली. खात्यात आले १३ लाख ४० हजार आणि वर काहीशे. म्हणजे जवळपास ४० हजार कमी! काउंटरवरच्या बाई म्हणाल्या, "टीडीएस गेलाय," आणि पुढचा टोकन नंबर पुकारला.

वडिलांनी आयुष्यात रिटर्न भरलेलं नाही. त्यांना पीएफची पेन्शन महिना ३ हजार आहे आणि दीड एकर ऊस. आता शेजारचे सांगतायत की १२ लाखांच्या वर पैसे खात्यात आले की टॅक्स लागतो, नोटीस येणार. वडील रात्री झोपत नाहीत.

शिवाय आईची एका पतसंस्थेत दामदुप्पट आहे. २ लाखांचे ४ लाख, ऑगस्टमध्ये मिळतील. त्याचंही असंच होणार का?

---

हळदमार्केट | १४ जून, रात्री १०:०२

४० हजार म्हणजे गंमत आहे का? पावती हा लेखी करार आहे. उद्या सकाळी अकराला मॅनेजरच्या केबिनमध्ये जाऊन बसा, पैसे घेतल्याशिवाय उठू नका.

---

लेखाजोखा | १४ जून, रात्री ११:१५

हळदमार्केट, केबिनमध्ये बसून चहा मिळेल फक्त. पैसे बँकेकडे नाहीत, सरकारजमा झालेत. आणि ते परत मिळू शकतात.

मी कराडला करसल्लागार म्हणून काम करतो. हा प्रश्न दर जून-जुलैला येतो, म्हणून जरा सविस्तर.

आधी शेजाऱ्यांचं. खात्यात १३ लाख आले म्हणजे १३ लाख उत्पन्न नव्हे. १० लाख वडिलांचं मुद्दल आहे, त्यावर कसलाही टॅक्स नाही. उत्पन्न म्हणजे फक्त व्याज, ३ लाख ८० हजारांच्या आतबाहेर, आणि तेही पाच वर्षांत मिळून. १२ लाखांची जी गोष्ट टीव्हीवर चालू आहे ती वर्षाच्या करपात्र उत्पन्नाची आहे, खात्यात पडलेल्या रकमेची नाही. काकांना म्हणावं निवांत झोपा.

आता ४० हजारांचं. व्याज हातात शेवटी येत असलं तरी बँक दरवर्षीचं व्याज त्या त्या वर्षी तुमच्या नावे मांडते आणि ते ठरावीक मर्यादेच्या वर गेलं की १० टक्के टीडीएस (व्याज देणाऱ्यानेच आधी कापून सरकारात भरायचा टॅक्स) कापते. मर्यादा तेव्हा ४० हजार होती, साठीच्या पुढच्यांना ५० हजार. १० लाखांवर साडेसहाने वर्षाला ६६ हजार व्याज होतं, म्हणजे दरवर्षी कात्री लागणारच. अंदाजाने मांडतो:

२०२०-२१: व्याज ५८ हजार, टीडीएस ४,३५० (कोविडमुळे त्या वर्षी दर साडेसात टक्के होता)
२०२१-२२: ७० हजार, ७ हजार
२०२२-२३: ७४ हजार, ७,४००
२०२३-२४: ७९ हजार, ७,९००
२०२४-२५: ८३ हजार, ८,३५०

बेरीज साधारण ३५ हजार. उरलेले साडेचार-पाच हजार कुठे गेले? कापलेला टीडीएस ठेवीतूनच गेला, त्यामुळे त्या रकमेवर पुढचं व्याज चढलंच नाही. पावतीवर छापलेला आकडा कधीच कापणी होणार नाही असं धरून छापलेला असतो.

आता खरी गोष्ट. काकांचं कुठल्याच वर्षी करपात्र उत्पन्न मर्यादेच्या वर गेलेलं दिसत नाही. पेन्शन ३६ हजार, व्याज ७०-८० हजार, ऊस करमुक्त. म्हणजे टॅक्स शून्य, आणि कापलेला सगळा पैसा त्यांचाच. दरवर्षी एप्रिलमध्ये बँकेत एक फॉर्म दिला असता (साठ पूर्ण होईपर्यंत १५जी, नंतर १५एच) तर कापलाच नसता. फॉर्म दिला नाही, रिटर्नही भरलं नाही, म्हणून तो सरकारकडे पडून आहे.

एक विचारतो: पॅन आधारला जोडलेलं आहे ना? नसेल तर १ जुलै २०२३ पासून १०ऐवजी २० टक्के कापलं असेल.

---

विश्रामबागकर | १५ जून, सकाळी ७:२०

पॅन-आधार जोडलंय, एसटीत असतानाच करून घेतलं होतं. वडिलांना तुमचा प्रतिसाद वाचून दाखवला. पहिला प्रश्न: "मग बँकेनं फॉर्मचं सांगितलं का नाही?"

मागच्या वर्षांचे पैसे आता मिळतील?

---

लेखाजोखा | १५ जून, सकाळी ८:०५

२०२४-२५ चं सोपं आहे. रिटर्नची मुदत यंदा १५ सप्टेंबरपर्यंत वाढवली आहे. भरा, ८ हजार खात्यात येतील. फॉर्म मात्र आयटीआर-१ चालणार नाही. शेतीचं उत्पन्न ५ हजारांच्या वर असलं की आयटीआर-२.

आधीच्या चार वर्षांसाठी नेहमीची मुदत संपली. 'अपडेटेड रिटर्न' नावाचा प्रकार आहे, त्याची मुदत यंदा चार वर्षांपर्यंत वाढवलीय हे खरं, पण तो फक्त जादा टॅक्स भरण्यासाठी, रिफंड मागायला चालत नाही. नेटकॅफेवाले हे न सांगता पैसे घेतात, सांभाळा.

रस्ता आहे तो कलम ११९(२)(ब) चा, उशीर माफ करून घेण्याचा. १ ऑक्टोबर २०२४ च्या परिपत्रकानुसार आकारणी वर्ष संपल्यापासून ५ वर्षांपर्यंत असा अर्ज करता येतो. २०२०-२१ चं आकारणी वर्ष २०२१-२२, म्हणजे त्यासाठी मार्च २०२७ पर्यंत वेळ आहे. अर्ज ई-फायलिंग पोर्टलवरूनच जातो. उशिराचं खरं कारण लिहायचं, लॉकडाऊनमधली निवृत्ती, अज्ञान, जे असेल ते. मंजुरी आली की त्या वर्षाचं रिटर्न भरायचं. या रिफंडवर व्याज मिळत नाही आणि वेळ लागतो. पण २६-२७ हजार आहेत, सोडायचे कशाला?

२०२०-२१ ला मात्र एप्रिल-मेचा पगार आणि रजेचे पैसे होते, ते धरून बघा.

---

निवृत्त_गुरुजी_सातारा | १५ जून, दुपारी १२:३०

लेखाजोखा यांचे स्पष्टीकरण उत्तम. माझी एक शंका आहे. मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालो. निवृत्तिवेतन दरमहा ५२,०००. यंदा २० लाख पाच वर्षांसाठी ठेवण्याचा विचार आहे, अशाच संचयी प्रकारात. आमचे एक सहकारी सांगतात की व्याज दरवर्षी दाखवू नये, पैसे हाती येतील तेव्हाच दाखवावे. 'मिळालेच नाही त्यावर कर कसला?' हे तर्काला पटते. कायद्याला पटते काय?

---

लेखाजोखा | १५ जून, दुपारी ४:१०

गुरुजी, कायद्याला दोन्ही चालतं. इतर मार्गांच्या उत्पन्नात हिशेब मिळाल्यावर धरायचा की दरवर्षी देय होईल तसा, ही निवड तुमची. मात्र एकदा धरलेली पद्धत सोयीप्रमाणे दरवर्षी बदलायची नाही. तुमच्या सहकाऱ्यांचं म्हणणं कायद्यात बसतं, पण खिशात बसत नाही. मांडून बघू, नियम आजचेच राहतील असं धरून.

पेन्शन वर्षाला ६,२४,०००. नव्या करपद्धतीत ७५ हजार प्रमाणित वजावट जाऊन ५,४९,०००.

सगळं व्याज शेवटच्या वर्षी दाखवलं: साडेसहाने २० लाखांवर पाच वर्षांचं व्याज ७,६०,८४०. एकूण १३,०९,८४०. पहिले ४ लाख मोकळे, पुढच्या ४ वर ५ टक्के म्हणजे २० हजार, पुढच्या ४ वर १० टक्के म्हणजे ४० हजार, वरच्या १,०९,८४० वर १५ टक्के म्हणजे १६,४७६. सेस धरून सुमारे ७९,५०० रुपये.

दरवर्षी दाखवलं: ५,४९,००० अधिक दीड लाखाच्या आसपास व्याज, ७ लाख. १२ लाखांच्या आत, रिबेटमुळे (टॅक्समधल्या सूटीमुळे) टॅक्स शून्य. पाचही वर्षं शून्य.

त्याच ठेवीवर, त्याच माणसाला, ७९ हजारांचा फरक. शिवाय बँक दरवर्षी टीडीएस कापणार, तो २६एएस मध्ये (तुमच्या पॅनवर जमा झालेल्या टॅक्सचा उतारा) त्या त्या वर्षी दिसणार, आणि तुम्ही उत्पन्न दाखवणार पाचव्या वर्षी. टीडीएसचं श्रेय उत्पन्न ज्या वर्षी दाखवाल त्या वर्षी मिळतं, म्हणून आधीचा टीडीएस दरवर्षी रिटर्नमध्ये पुढे ओढत न्यावा लागतो. एका वर्षी विसरलात की संपलं. हा व्याप कोणी सांगितलाय?

---

निवृत्त_गुरुजी_सातारा | १५ जून, सायं. ५:४५

हिशेब पाटीवर पडताळून पाहिला. बरोबर आहे. सहकाऱ्यांना उद्या चार भिंतीच्या चढावर फिरायला जाताना सांगतो.

जुन्या पद्धतीत ज्येष्ठांना व्याजावर ५० हजारांची वजावट आहे, ती नवीन पद्धतीत नाही, हेही नोंदवावे.

---

लेखाजोखा | १५ जून, सायं. ६:२०

बरोबर, ८०टीटीबी. फक्त जुन्या पद्धतीत, आणि बँक, सहकारी बँक, पोस्ट यांच्याच व्याजावर. पतसंस्थेचं व्याज त्यात बसतं असं धरून चालू नका.

यंदापासून टीडीएसची मर्यादाही वाढली आहे: इतरांना ५० हजार, ज्येष्ठांना १ लाख, प्रत्येक बँकेमागे. तुमचं व्याज त्यावर जाईल, तेव्हा एप्रिलमध्ये १५एच द्याच. रिबेट धरून टॅक्स शून्य येत असेल तर ज्येष्ठ माणूस तो देऊ शकतो.

---

बारमाही_ऊस | १५ जून, रात्री ८:५५

हितं सगळे पगारदार दिसत्यात. आमचं काय? बिल कारखान्याचं, पैसा शेतीचा, शेतीला टॅक्स न्हाई. मग शेतीचा पैसा बँकेत ठेवला तर त्याच्या व्याजाला टॅक्स का म्हणून? आमच्या गावात कुणीच भरत न्हाई.

---

लेखाजोखा | १५ जून, रात्री ९:३०

दादा, ऊस करमुक्त आहे, उसाच्या पैशाचं व्याज नाही. बँकेच्या काउंटरपलीकडे पैसा गेला की तो उसाचा की पगाराचा हे कुणी बघत नाही, व्याज ते व्याज. उलट एक बारकावा आहे: शेतीचं निव्वळ उत्पन्न ५ हजारांच्या वर आणि बाकीचं उत्पन्न मूळ करमुक्त मर्यादेच्या वर गेलं, तर टॅक्सचा दर काढताना शेतीचं उत्पन्न त्यात मिळवतात. शेतीवर टॅक्स बसत नाही, पण व्याज वरच्या दराच्या पट्ट्यात ढकललं जातं.

गावात कुणी भरत नाही हे मान्य. पण आता पॅनवरचं प्रत्येक व्याज एआयएस मध्ये (टॅक्स खात्याकडचं तुमचं वार्षिक माहितीपत्रक) उमटतं. आधी तलाठ्याचा सातबारा बघायचा, आता हा एक सातबारा.

---

बारमाही_ऊस | १५ जून, रात्री ९:४१

पतसंस्थेचं उमटतं का?

---

हळदमार्केट | १५ जून, रात्री ९:४४

😄 आला खरा प्रश्न. अख्खा तालुका उत्तराची वाट बघतोय.

---

लेखाजोखा | १५ जून, रात्री १०:२५

बघा, पतसंस्थेने सभासदाला दिलेल्या व्याजावर साधारणपणे टीडीएस कापावा लागत नाही. आधीच्या वर्षीची उलाढाल ५० कोटींच्या वर असलेल्या मोठ्या संस्थांना मात्र २०२० पासून कापावा लागतो. आपल्याकडच्या गावोगावच्या संस्था बहुतेक त्याखालच्या. त्यामुळे 'पतसंस्थेत टॅक्स लागत नाही' ही समजूत सांगली-साताऱ्यात घट्ट बसलीय आणि एजंट ती खतपाणी घालून वाढवतात. टीडीएस न कापणं वेगळं आणि टॅक्स नसणं वेगळं. व्याज करपात्रच आहे, रिटर्नमध्ये तुम्ही स्वतः लिहायचं.

विश्रामबागकरांच्या आईंचं बघू. २ लाखांचे ४ लाख, म्हणजे व्याज २ लाख, एकदम एका वर्षी धरलं तरी त्यांना दुसरं उत्पन्न नसेल तर टॅक्स शून्य. फक्त ते २ लाख मुळात कुणाचे? वडिलांनी आईच्या नावे ठेवले असतील तर व्याज वडिलांच्या उत्पन्नात मिळवायचं, बायकोला दिलेल्या पैशाचं उत्पन्न नवऱ्याचंच धरतात. तुमच्या घरी तसं धरूनही काही फरक पडणार नाही. पण ज्यांचं स्वतःचं उत्पन्न १४-१५ लाख आहे आणि बायकोच्या नावे ठेवी करून निश्चिंत आहेत, त्यांनी हे वाक्य परत वाचावं.

अवांतर: पतसंस्थेच्या ठेवीला ५ लाखांचं ठेव विमासंरक्षण नाही, ते बँकांना आहे. दामदुप्पट किती वर्षांत आहे याबरोबर हेही विचारत जा.

---

विश्रामबागकर | १५ जून, रात्री १०:५०

आईचे स्वतःचे आहेत. माहेरची जमीन विकली तेव्हा मामांनी तिचा हिस्सा दिला होता. वडील म्हणतात, "त्यातला एक रुपया मला बघायला मिळाला नाही, टॅक्स मात्र माझ्या नावे नको."

---

पोवई_नाका | १६ जून, सकाळी ९:१०

विम्याचंही बोला जरा. २०१५ मध्ये एका कंपनीची पॉलिसी घेतली होती, एकरकमी ३ लाख भरून. विमा रक्कम ३.७५ लाख. एजंट आमच्याच पेठेतला, म्हणाला दहा वर्षांनी येतील ते सगळे टॅक्स फ्री. यंदा ५ लाख २० हजार मंजूर झाले आणि ४,४०० कापून आले. एजंट आता म्हणतो चुकून कापलं असेल.

---

लेखाजोखा | १६ जून, सकाळी १०:४०

चुकून नाही. विम्याची रक्कम करमुक्त व्हायला कलम १०(१०डी) ची अट आहे: १ एप्रिल २०१२ नंतरच्या पॉलिसीत कुठल्याही वर्षाचा हप्ता विमा रकमेच्या १० टक्क्यांच्या आत हवा. (२००३ ते २०१२ मधल्यांना २० टक्के.) तुमची विमा रक्कम ३.७५ लाख, दहा टक्के म्हणजे ३७,५००. तुम्ही हप्ता भरलात ३ लाख. एकरकमी हप्त्याच्या, सव्वापट विम्याच्या बहुतेक पॉलिसी इथेच आपटतात. इतकंच नाही, तेव्हा ८०सी मध्येही (गुंतवणुकीवरच्या वजावटीचं कलम) ३७,५०० पर्यंतच वजावट मिळायला हवी होती.

५.२० लाखांतून भरलेले ३ लाख वजा केले की २.२० लाख उत्पन्न. त्यावर २ टक्के टीडीएस, बरोबर ४,४००. ऑक्टोबर २०२४ च्या आधी हा दर ५ टक्के होता. पण २ टक्के कापले म्हणजे विषय संपला असं नाही. ते २.२० लाख तुमच्या उत्पन्नात धरून पट्ट्याप्रमाणे टॅक्स लागेल.

दरवर्षी हप्ता भरायच्या जुन्या साध्या पॉलिसी मात्र बहुतेक या अटीत बसतात, त्यांना घाबरायचं कारण नाही. नव्यांसाठी आणखी दोन कुंपणं आहेत: १ फेब्रुवारी २०२१ नंतरच्या युलिपचे (बाजाराशी जोडलेल्या विमा पॉलिसीचे) हप्ते वर्षाला अडीच लाखांच्या वर, आणि १ एप्रिल २०२३ नंतरच्या इतर पॉलिसींचे हप्ते मिळून ५ लाखांच्या वर असतील तर करमुक्ती नाही. मृत्यूनंतर मिळणारी विम्याची रक्कम या सगळ्यातून बाहेर आहे, ती करमुक्तच.

---

पोवई_नाका | १६ जून, सकाळी १०:५८

एजंटला हा प्रतिसाद पाठवला. निळ्या खुणा आल्या, उत्तर नाही.

---

अल्पबचत_ताई_फलटण | १६ जून, दुपारी १:१५

पोस्टाचं मी सांगते, पंचवीस वर्षं तेच करतेय.

सध्या सगळ्यात जास्त गर्दी महिला सन्मान बचत पत्राची आहे. एप्रिल २०२३ मध्ये सुरू झालेली दोन वर्षांची योजना, त्यामुळे पहिल्या बायकांची मुदत आता भरतेय. २ लाखांचे २,३२,०४४ मिळतात. वरचे ३२,०४४ करपात्र आहेत, पण एवढ्यावर टीडीएस नाही. ज्या बायकांना दुसरं उत्पन्न नाही त्यांनी चिंता करू नये. नोकरीवाल्यांनी उत्पन्नात धरावं.

किसान विकास पत्र, ११५ महिन्यांत दुप्पट: व्याज करपात्र. एनएससी (राष्ट्रीय बचत प्रमाणपत्र): करपात्र, टीडीएस नाही. एनएससीचं दरवर्षीचं व्याज पुन्हा गुंतवलं असं धरतात, म्हणून जुन्या पद्धतीत पहिली चार वर्षं ते ८०सी मध्ये दाखवता येतं, शेवटच्या वर्षीचं येत नाही. लोक दरवर्षी दाखवत नाहीत आणि पाचव्या वर्षी सगळं अंगावर घेतात. नव्या पद्धतीत ८०सी नाहीच.

पीपीएफ आणि सुकन्या पूर्ण करमुक्त, व्याजासकट. पीपीएफची १५ वर्षं भरली की काढलेच पाहिजेत असं नाही, पाच-पाच वर्षं वाढवता येतं.

---

गलाईवाला_विटा | १६ जून, रात्री ११:३०

रामराम. मूळ विट्याजवळचा, धंदा तमिळनाडूत, सोनं आटवायचा. आमच्या खानापूर-आटपाडीकडची निम्मी घरं या धंद्यात देशभर पसरलीत हे इथे सांगायला नको.

दिवसभर हातात सोनं असूनही मी २०१५ च्या नोव्हेंबरात सरकारचे सुवर्ण रोखे घेतले होते, पहिलीच मालिका. भाऊबंद हसले, कागदाचं सोनं घेतो म्हणून. ग्रॅमला २,६८४ ने घेतलेले, नोव्हेंबर २०२३ ला मुदत भरली, ६,१३२ ने पैसे आले. त्या नफ्यावर एक रुपया टॅक्स नाही, मुदतीअंती रिझर्व्ह बँकेकडून परत घेणाऱ्या व्यक्तीला माफ आहे. वर्षाला पावणेतीन टक्के दराने दर सहामाहीला येणारं व्याज मात्र करपात्र, त्यावर टीडीएस नसतो म्हणून लोक विसरतात.

तेच मी बाजारात मधेच विकले असते तर नफ्यावर टॅक्स लागला असता. आणि खरं सोनं, बिस्कीट किंवा पाटल्या, दोन वर्षांच्या वर ठेवून विकलं तर नफ्यावर साडेबारा टक्के, २३ जुलै २०२४ पासून महागाईची वजावट बंद. पाटल्या आजीच्या असतील तर आजीची खरेदी किंमत धरायची. पावती शोधा म्हणजे झालं.

---

एसआयपी_वाईकर | १७ जून, सकाळी ८:२५

म्युच्युअल फंडाचं एका परिच्छेदात. याला मुदत भरणं असं काही नसतं. ईएलएसएसची (टॅक्स वाचवणाऱ्या शेअर फंडाची) तीन वर्षं ही कुलूप उघडण्याची तारीख, विकण्याची नव्हे. विकाल तेव्हाच टॅक्स. एसआयपीत प्रत्येक हप्त्याचं वय वेगळं, आधी घेतलेलं आधी विकलं असं धरतात. शेअरवाल्या फंडात एक वर्षाच्या वरचं असेल तर वर्षाला सव्वा लाखापर्यंत नफा मोकळा, पुढे १२.५ टक्के, वर्षाच्या आतलं २० टक्के. १ एप्रिल २०२३ नंतर घेतलेल्या डेट फंडाचा (कर्जरोख्यांच्या फंडाचा) नफा पट्ट्याप्रमाणे, एफडीसारखाच. आणि '१२ लाखांपर्यंत शून्य' ही रिबेट शेअर फंडाच्या नफ्याला लागत नाही! माझ्या पुण्यातल्या दोन मित्रांनी हे न बघता युनिट्स विकायला काढली होती.

---

माणदेशी | १७ जून, रात्री ९:००

वडील फौजेत होते. डिसेंबरमध्ये गेले. त्यांच्या नावची ठेव मार्चला पिकली, मी नॉमिनी म्हणून पैसे घेतले. टीडीएस वडिलांच्या पॅनवर. हे सगळं आता माझं उत्पन्न?

---

लेखाजोखा | १७ जून, रात्री १०:१०

वडिलांचं वाचून वाईट वाटलं. मुद्दल वारसाने आलं, त्यावर टॅक्स नाही. गेले त्या तारखेपर्यंतचं व्याज वडिलांच्या रिटर्नमध्ये जाईल. पोर्टलवर तुम्ही कायदेशीर वारस म्हणून नोंदणी करून ते भरायचं, मृत्यूचा दाखला आणि वारस असल्याचा पुरावा लागतो. त्यानंतरचं व्याज वारसाचं. तुम्ही नॉमिनी आहात, पण आई आणि भावंडं वारस असतील तर व्याजही त्यांच्यात विभागलं जाईल. डिसेंबरनंतरचा टीडीएस वडिलांच्या पॅनवर कापलाय, तो तुमच्या नावे यायला बँकेला लेखी अर्ज द्या, रिटर्न भरायच्या आधी.

---

विश्रामबागकर | २ ऑगस्ट २०२५, रात्री ८:१५

मंडळी, पुढे काय झालं ते लिहितो.

पोर्टलवर वडिलांचं खातं उघडलं. २६एएस मध्ये चार वर्षांचा टीडीएस दिसला, २०२१-२२ चा दिसेना. बँकेत गेलो. दोन फेऱ्या झाल्यावर एका साहेबांनी संगणकात बघितलं: त्या वर्षीच्या विवरणात पॅनचं एक अक्षर चुकलेलं. दुरुस्त विवरण पाठवतो म्हणालेत, मी अर्जाच्या प्रतीवर शिक्का घेऊन ठेवलाय.

आयटीआर-२ ची ऑनलाइन सोय जुलैत सुरू झाल्यावर २०२४-२५ चं रिटर्न भरलं. व्याज टीडीएस न वजा करता पूर्ण दाखवलं, ऊस करमुक्त रकान्यात. ८,३०० आणि काही रुपये रिफंड मागितलाय. २०२०-२१ चा पगार आणि रजेचे पैसे धरूनही टॅक्स शून्यच येतोय. बाकी तीन वर्षांचे माफीचे अर्ज गेले, २०२१-२२ चा पॅन दुरुस्त झाल्यावर करीन.

वडिलांनी १३ लाखांची पुन्हा ठेव केली, या वेळी तिमाही व्याज खात्यात येणारी.

---

निवृत्त_गुरुजी_सातारा | २ ऑगस्ट, रात्री ८:५०

छान. नव्या ठेवीसाठी १५एच दिला काय?

---

विश्रामबागकर | २ ऑगस्ट, रात्री ९:०५

व्याज वर्षाला ९० हजारांच्या आत आहे, म्हणजे १ लाखाची मर्यादा ओलांडत नाही. तरी दिला. पोचही घेतली.

---

हळदमार्केट | २ ऑगस्ट, रात्री ९:१२

पोच लॅमिनेट करा. आणि लेखाजोखा साहेब, कराडला आलो तर फी किती घेता तेवढं सांगा. आमच्या तीर्थरूपांच्या सात पतसंस्थांत अकरा पावत्या सापडल्यात.

---

लेखाजोखा | २ ऑगस्ट, रात्री ९:४०

अकराही घेऊन या, शक्यतो १५ सप्टेंबरच्या आदल्या दिवशी नको.